डीप.आयओ: लेव्हल ४५ गाठतो, पण पुढे टिकत नाही. टँक बदलू की पॉइंट?

निळा_ठिपका

मंडळी, दोन महिने झाले, रोज रात्री झोपण्याआधी पाऊण तास डीप.आयओ खेळतोय. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ब्राउझरमध्ये चालणारा नेमबाजीचा वेगवान खेळ, सगळं वरून दिसतं. आपण म्हणजे एक गोल आणि त्याला एक नळी. मैदानभर चौकोन, त्रिकोण, पंचकोन विखुरलेले असतात. ते फोडले की अनुक्रमे १०, २५ आणि १३० गुण. गुणांवर लेव्हल वाढते, लेव्हलबरोबर पॉइंट मिळतात आणि ते आठ गोष्टींपैकी (आयुष्य, वेग, गोळीचा मार वगैरे) हव्या त्यावर लावायचे. शिवाय १५, ३० आणि ४५ या तीन टप्प्यांवर टँकचा प्रकार बदलता येतो. आजूबाजूचे इतर टँकही हेच करत असतात, आणि संधी मिळाली की एकमेकांना मारतात.

माझा रस्ता ठरलेला आहे: ट्विन, मग ट्रिपल शॉट, मग पाच नळ्यांचा पेंटा शॉट. ४५ ला पोचायला सुमारे २३,५०० गुण लागतात. दहा डावांपैकी सहा-सात डावांत मी तिथवर जातो, आणि तिथून पुढे पाच मिनिटंही टिकत नाही. पॉइंट सगळीकडे सारखे वाटतो, सात गोष्टींवर चार-चार आणि रिलोडवर, म्हणजे गोळ्या लवकर सुटण्यावर, पाच. कुठेच लंगडं पडू नये एवढाच विचार त्यामागे. तरी समोरासमोर आलो की प्रत्येक वेळी मीच मरतो.

४५ ला सगळ्यात चांगला टँक कोणता? पेंटा सोडून देऊ का?

कावळा_बसला

टँक नंतर बघू. आधी सांग, तू मरतोस कशाने? "कुणीतरी मारलं" असं उत्तर नको. कुठल्या प्रकाराने, कुठल्या बाजूने, आणि तू त्या वेळी काय करत होतास, हे लिही. दहा डाव खेळ, वहीत नोंद कर आणि इथे टाक.

निळा_ठिपका

@कावळा_बसला, दोन रात्री खेळून लिहून काढलं. दहापैकी पाच वेळा ओव्हरलॉर्ड नावाच्या टँकच्या ड्रोननी, म्हणजे तो अंगावर सोडतो त्या छोट्या त्रिकोणांनी. तीन वेळा मागून आलेल्या बूस्टरने (अंगाने आपटणारा वेगवान टँक), त्यातल्या दोन वेळा मी पंचकोन फोडण्यात गुंतलो होतो. एकदा अॅनिहिलेटरच्या (जाड नळीतून मोठा गोळा मारणारा टँक) एकाच गोळ्यात गेलो, आयुष्याची पट्टी निम्म्यावर होती. आणि एकदा अल्फा पंचकोन, म्हणजे अवाढव्य पंचकोन, फोडताना फार जवळ गेलो आणि त्याला घासून मेलो.

लिहून काढल्यावर पहिल्यांदाच लक्षात आलं की दुसऱ्या पेंटाने किंवा ट्रिपलेटने मला एकदाही मारलेलं नाही. मला वाटत होतं की माझ्या गोळ्याच कमजोर आहेत.

गणिताचे_दप्तर

धागा वाचून राहवलं नाही. या खेळाच्या पॉइंटांवर मी बराच वेळ घालवलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

लेव्हल २ पासून २८ पर्यंत दर लेव्हलला एक, म्हणजे २७ पॉइंट. तिथून पुढे ३०, ३३, ३६ असे दर तिसऱ्या लेव्हलला एक, ४५ पर्यंत आणखी ६. एकूण ३३, आणि त्यानंतर एकही नाही. गुण दहा लाखांवर गेले तरी ३३ च. आता घरं मोजा. आठ गोष्टी, प्रत्येकी सात घरं, म्हणजे ५६. कुणीही खेळो, २३ घरं रिकामी राहणारच.

सगळा खेळ या २३ घरांत आहे. तू रिलोडवर दोन आणि बाकी प्रत्येक ठिकाणी तीन घरं रिकामी ठेवलीस. म्हणजे जो रिलोडवर सात लावून आला त्याच्यासमोर तू गोळ्या सोडण्यात कमी, जो आयुष्यावर सात लावून आला त्याच्यासमोर तग धरण्यात कमी, आणि जो पळण्यावर सात लावून आला तो तुला गाठणारच. सगळं थोडं थोडं घेतलं की प्रत्येक लढाई समोरच्याच्या अटींवर होते. आपण काय सोडणार हे आधी ठरवायला लागतं, मग काय घ्यायचं ते आपोआप ठरतं.

आठही गोष्टींचा अर्थ पडद्यावरच्या नावावरून नीट कळत नाही. कळपट्टीवर १ ते ८ या कळांनी पॉइंट लागतात, त्याच क्रमाने घेतो. हेल्थ रीजन म्हणजे आयुष्य किती लवकर भरून येतं. काही काळ अंगावर मार आला नाही की ते तसंही झपाट्याने भरतं, त्यामुळे ज्याला पळता येतं त्याला याची गरज कमी. मॅक्स हेल्थचा अर्थ उघड आहे. बॉडी डॅमेज म्हणजे अंगाने आपटल्यावर समोरच्याला लागणारा मार. बुलेट स्पीडमध्ये एक गोष्ट लपलेली आहे: गोळी ठरावीक वेळच जिवंत असते, म्हणून वेग वाढवला की पल्लाही वाढतो.

आता पाचवं, बुलेट पेनेट्रेशन. नवे खेळाडू इथेच चुकतात. पेनेट्रेशन म्हणजे गोळीचं स्वतःचं आयुष्य. या खेळात मार एका झटक्यात लागत नाही, गोळी आणि समोरची वस्तू एकमेकांना भिडलेल्या असतात तेवढा वेळ क्षणाक्षणाला लागत राहतो. ज्या गोळीचं आयुष्य कमी ती भिडल्या भिडल्या फुटते आणि तिच्यातला मार वाया जातो. जिचं आयुष्य जास्त ती घुसून राहते आणि पुन्हा पुन्हा लागते. म्हणून बुलेट डॅमेजवर सात आणि पेनेट्रेशनवर दोन असं करणाऱ्याच्या गोळ्या कागदावर जबर असतात आणि मैदानात समोरच्या गोळ्यांना आपटून विरतात. या दोन्ही गोष्टी जोडीने भराव्यात.

रिलोड म्हणजे गोळ्या किती लवकर सुटतात. मूव्हमेंट स्पीडबद्दल एवढं ध्यानात ठेव की लेव्हल वाढेल तसा टँक संथ होत जातो. लेव्हल १० चा चपळपणा ४५ ला उरत नाही. आठव्या कळीवर काहीच लावलं नाही तर शेवटी तू एक मोठं, सावकाश सरकणारं लक्ष्य होतोस.

पेंटासाठी मी असं लावतो: पेनेट्रेशन ७, डॅमेज ७, रिलोड ७, बुलेट स्पीड ५, मूव्हमेंट ७. झाले ३३. पहिल्या तीन गोष्टींवर शून्य.

पहाटवारा

दप्तरराव, पेनेट्रेशनचं पूर्ण पटलं. पण पहिल्या तिन्हींवर शून्य हे ज्याचा हात बसलेला आहे त्याने करावं. निळ्या ठिपक्याने वर लिहिलंय ना, निम्म्या पट्टीवर अॅनिहिलेटरचा एक गोळा बसला आणि खेळ संपला. मॅक्स हेल्थवर शून्य असेल तर पट्टी भरलेली असतानाही तसाच गोळा फार महागात पडतो.

माझं मत: बुलेट स्पीड ३ वर आण, मूव्हमेंट ५ वर, आणि वाचलेले ४ मॅक्स हेल्थवर घाल. पल्ला थोडा घटेल. पण पेंटा हा लांबून टिपायचा टँक नाहीच. पाच नळ्या पंख्यासारख्या पसरलेल्या, लांब गेल्यावर गोळ्यांमध्ये फटी पडतात आणि समोरचा त्या फटीतून निघून जातो. पेंटा मध्यम अंतरावर खेळायचा, आणि मध्यम अंतरावर मार हा खावाच लागतो.

गणिताचे_दप्तर

फटींचा मुद्दा मान्य. नव्या खेळाडूसाठी तुमचं वाटप माझ्यापेक्षा योग्य आहे. मी तसं खेळणार नाही, पण त्याने खेळावं.

रानवाट

मी ओव्हरलॉर्ड खेळते, म्हणजे यादीतले ते पाच मृत्यू माझ्यासारख्यांच्या नावावर आहेत. पलीकडच्या बाजूने कसं दिसतं ते सांगते.

ओव्हरलॉर्डकडे गोळ्या नसतात, आठ ड्रोन असतात आणि ते माउसच्या टोकामागे धावतात. उजवं बटण दाबलं की उलट, टोकापासून दूर पळतात. ड्रोन मेला की नवा तयार होतो आणि त्याला वेळ लागतो. तो वेळ रिलोडवर ठरतो. ड्रोनचं आयुष्य म्हणजे पेनेट्रेशन आणि त्याचा वेग म्हणजे बुलेट स्पीड. त्यामुळे माझेही बहुतेक पॉइंट याच घरांत असतात आणि अंगावर फारच थोडे.

आता नीट वाच. माझे आठही ड्रोन तुझ्या अंगावर आलेत याचा अर्थ माझ्या आसपास एकही नाही. त्या क्षणी मी उघडी असते. पण बहुतेक सगळे त्याच क्षणी पाठ फिरवून पळतात. पळणाऱ्याला मारणं हे माझ्यासाठी सगळ्यात सोपं काम आहे, कारण ड्रोन टँकपेक्षा वेगवान असतात आणि पळणाऱ्याच्या गोळ्या माझ्या दिशेने येत नाहीत.

पेंटाने मला त्रास दिलाय तो अशा वेळी: त्याने जागा सोडली नाही, बाजूला सरकत राहिला आणि नळ्या ड्रोनच्या झुंडीवर धरल्या. पाच नळ्यांचा पसारा झुंडीसाठी उत्तम असतो. चार-पाच ड्रोन पडले की मी मागे सरकते, कारण ते पुन्हा तयार होईतो माझ्याकडे लढायला काहीच नसतं. तेव्हा तू पुढे ये. तेव्हा आलास तर मला पळता भुई थोडी होते. दोनच सेकंद मिळतात आणि बहुतेक खेळाडू ते हुश्श करण्यात घालवतात.

मात्र चांगली ओव्हरलॉर्ड ड्रोन दोन बाजूंनी आणते. आधी उजवं बटण दाबून पसरवते, मग डाव्याने एकदम आवळते. झुंड पसरताना दिसली की समजून जा आणि आवळायच्या आत एका बाजूने बाहेर पड. मध्ये अडकलास तर पेंटालाही उपाय नाही.

निळा_ठिपका

@रानवाट, हे कुणी आधी सांगितलं असतं तर! मी पाचही वेळा पळालो होतो, आणि पळताना मागे वळून गोळ्याही मारल्या नव्हत्या. पळताना नळी पुढे ठेवतो मी, जायच्या दिशेने.

कावळा_बसला

मग बूस्टरची भानगडही तिथेच आहे. या खेळात प्रत्येक गोळीचा धक्का आपल्यालाही मागे बसतो. डिस्ट्रॉयर आणि अॅनिहिलेटरला तो इतका बसतो की लोक उलटीकडे गोळा मारून उडी घेतल्यासारखे सटकतात. पेंटाला कमी, पण बसतो. पळताना नळी पुढे धरलीस तर तुझ्याच गोळ्या तुला रोखतात. नळी मागे धर: वेग थोडा वाढतो आणि पाठलाग करणाऱ्याला गोळ्यांतून यावं लागतं.

बूस्टरचा वेगही याच धक्क्यातून येतो. त्याच्या मागच्या नळ्या सतत सुटत असतात, त्या त्याला पुढे ढकलतात. मारतो तो मुख्यतः अंगाने आपटून. म्हणजे त्याला तुझ्यापर्यंत पोचावंच लागतं आणि बहुधा तो सरळ रेषेत येतो. नळी त्याच्यावर रोखलेली असेल तर त्याला पाच नळ्यांचा पूर्ण मार खात यावं लागतं. म्हणूनच तो रोखलेल्या नळीवर सहसा जात नाही, पंचकोन फोडणाऱ्याच्या पाठीवर जातो.

पंचकोनांच्या घरट्यात, मैदानाच्या मध्यभागी, नळी एकाच दिशेला धरून बसू नकोस. दर दोन-तीन सेकंदांनी गोल नजर फिरव. ई दाबून गोळीबार आपोआप सुरू ठेवलास तर बोट मोकळं राहतं आणि लक्ष आजूबाजूला देता येतं.

काटकोन

तुम्ही सगळे गोळ्यांबद्दलच बोलताय. स्मॅशरबद्दल कुणीतरी लिहा. नाहीतर मीच लिहितो.

१५ ला काहीच निवडायचं नाही. साधाच टँक ठेवायचा. मग ३० ला स्मॅशर मिळतो: नळी गायब, भोवती षटकोनी कडं, मारायचं ते फक्त अंगाने. गोळीशी संबंधित चारही गोष्टी बंद होतात आणि उरलेल्या चारांची मर्यादा सातावरून दहावर जाते. चार दाहे चाळीस, त्यातली ३३ भरता येतात. दप्तररावांची २३ रिकामी घरं इथे सातवर येतात. बहुतेक टँकना पॉइंट इतके पुरत नाहीत.

१५ ते ३० हा काळ मात्र खडतर आहे. सगळ्यांकडे दोन-तीन नळ्या आणि तुमच्याकडे एक, तीही दुबळी, कारण पॉइंट अंगावर घातलेले. तेवढा काळ कडेकडेने चौकोन खात काढायचा.

रानवाट

@काटकोन, स्मॅशर समोर दिसला की मी खरोखर वाट बदलते. तुझे ३० पर्यंतचे हाल मी पाहिलेत, त्यामुळे तिथवर आलेला कुणी दिसला की आदर वाटतो.

तारेवरचा

विषय थोडा बाजूचा, पण याशिवाय वरचं सगळं फुकट जाऊ शकतं. निळ्या ठिपक्या, तुझं पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद, किती आहे?

ब्राउझरमधले हे खेळ बहुतेक वेबसॉकेटवर (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली सतत उघडी जोडणी) चालतात, आणि वेबसॉकेट टीसीपी या माहिती पाठवायच्या पद्धतीवर. टीसीपीचा नियम असा की वाटेत माहितीचं एक पाकीट हरवलं तर ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी पाकिटं ताटकळत राहतात. संगणकावर उतरवून खेळायचे अनेक नेमबाजीचे खेळ यूडीपी ही दुसरी पद्धत वापरतात, तिथे हरवलेलं सोडून पुढे जाता येतं. म्हणून इथे क्षणभर सगळं गोठतं आणि मग एकदम उडी मारून पुढे जातं. तू गोठलेला असताना सर्व्हरवर लढाई चालूच असते आणि कोण मेलं ते सर्व्हर ठरवतो, तुझा पडदा नाही.

साठ हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकतं. पिंग १५० असेल तर तू कळ दाबल्यापासून तिचा परिणाम दिसेपर्यंत नऊ चित्रं गेलेली असतात. बूस्टर तेवढ्यात बरंच अंतर कापतो.

जवळचा सर्व्हर निवड, शक्य असेल तर वायफायऐवजी केबल लाव, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर अॅक्सिलरेशन (चित्रं काढायचं काम ग्राफिक्स चिपकडे सोपवणं) चालू आहे का बघ. इतर टॅब बंद कर, विशेषतः ज्यात व्हिडिओ चालू आहे ते.

निळा_ठिपका

पिंग ९० च्या आसपास होतं, पण मध्येच २०० वर जायचं. राउटर दुसऱ्या खोलीत आहे. केबल आणतो.

उडती_चप्पल

मी डीप सोडून क्रंकरकडे, ब्राउझरमधल्याच दुसऱ्या एका नेमबाजीच्या खेळाकडे, गेले, म्हणून दोन ओळी. तिथे प्रकार डाव सुरू व्हायच्या आधी निवडायचा, डावात पॉइंट लावून टँक घडवणं नाही. हंटर घेतला की लांब पल्ल्याची बंदूक आणि आयुष्य कमी, रन अँड गन घेतला की जवळून शिडकावा. कौशल्य सगळं चालण्यात: उडी मारायची, जमिनीला टेकताना बसकण मारून घसरायचं, पुन्हा उडी. लय जमली की पळण्यापेक्षा कितीतरी वेगात जाता येतं. माझी बोटं शिकायला महिना गेला, पण ज्या दिवशी जमलं तो दिवस अजून आठवतो.

तरी डीपची एक गोष्ट तिथे मिळत नाही. शून्यातून, एका नळीपासून, स्वतः वाढवत नेलेला टँक. तो मेला की जे तुटतं ते क्रंकरमध्ये तुटत नाही.

पहाटवारा

@उडती_चप्पल, अगदी खरं. चाळीस मिनिटं जपलेला टँक गेला की मी उठून पाणी पिऊन येतो. लगेच पुढचा डाव सुरू केला तर त्याच रागात पुन्हा मरतो, हे अनुभवाने शिकलोय.

निळा_ठिपका

नऊ दिवसांनी लिहितोय, सगळं करून पाहिलं.

पेंटा सोडला नाही. पहाटवारांचं वाटप घेतलं: मॅक्स हेल्थ ४, बुलेट स्पीड ३, पेनेट्रेशन, डॅमेज आणि रिलोड ७-७-७, मूव्हमेंट ५. लावायचा क्रमही बदलला. आधी पेनेट्रेशन, डॅमेज आणि रिलोड आळीपाळीने, मग मूव्हमेंट, हेल्थ शेवटी. पंचकोन पूर्वीपेक्षा लवकर फुटतात, त्यामुळे ४५ ला लवकर पोचतो. केबल लावल्यापासून पिंग ७० वर स्थिर आहे.

काल रात्रीचा डाव सांगतो. घरट्याच्या कडेला होतो, नळी फिरवत, नजर फिरवत. डावीकडून ड्रोन आले. हात आपोआप पळायच्या कळीवर गेला होता, तो मुद्दाम थांबवला. बाजूला सरकत झुंडीवर गोळ्या धरल्या. चार पडले, पाचवा माझ्या अंगावर फुटला, पट्टी निम्म्यावर आली. आणि रानवाट म्हणाली होती तसंच झालं, पलीकडचा ओव्हरलॉर्ड मागे सरकायला लागला. मी पुढे गेलो. तो खरोखर उघडा होता. पहिल्यांदा मी ओव्हरलॉर्ड मारला.

त्यानंतर गुणांच्या यादीत आठवा आलो, मग पाचवा, शेवटी पहिला. पहिला झाल्यावर मात्र सगळं बदललं. इतरांच्या पडद्यावर पहिल्याकडे रोखलेला बाण असतो, हे ठाऊक होतं, पण तो बाण आपल्याकडे रोखलेला असणं वेगळंच. दोन बूस्टर आणि एक अॅनिहिलेटर वेगवेगळ्या बाजूंनी आले. एक बूस्टर मारला. अॅनिहिलेटरला टाळताना दुसऱ्याकडे पाठ झाली, तिथे संपलो. ५२ मिनिटं टिकलो.

वहीत आजवरच्या नोंदी मोजल्या. ड्रोननी मरणं नऊ दिवसांत दोनदाच. आता बहुतेक मृत्यू दोघांनी मिळून केलेले आहेत. त्यावर काय करायचं?

कावळा_बसला

पहिला झाल्यावर घरट्यात थांबायचं नाही. कडेला जा, पाठ मैदानाच्या सीमेकडे कर. एक बाजू कमी सांभाळावी लागते. गुण सावकाश वाढतील, वाढू देत.

गणिताचे_दप्तर

कोपऱ्यात मात्र जाऊ नकोस. कडेला तीन वाटा असतात, कोपऱ्यात फार तर दोन, आणि ड्रोनवाल्याला कोपरा फार आवडतो.

रानवाट

हे दोन्ही वाचून जमणार नाही, हाताला सवय व्हायला हवी. सँडबॉक्समध्ये, म्हणजे सरावाच्या मैदानात, ये. तिथे के दाबून धरलं की लेव्हल भराभर ४५ वर जाते, मरणाची भीती नाही, लागेल तितक्या वेळा पुन्हा करता येतं. मी ओव्हरलॉर्ड घेते, काटकोन स्मॅशर घेईल. दोघं मिळून तुझ्यावर येतो, तू कडेला उभा राहून आम्हाला वेगळं करायला शीक. आधी एकाला, मग दुसऱ्याला. दोघांना एकत्र कधीच नाही.

काटकोन

मी तयार. रात्री दहानंतर.

निळा_ठिपका

आलोच. सँडबॉक्स उघडून लिंक दोघांना निरोपात पाठवतो.